बंदूक वेगळी, दारू वेगळी

"दारूचा परवाना आला एकदाचा," असं मी फोनवर कुडाळच्या मावशीला सांगितलं, तेव्हा पलीकडे क्षणभर सामसूम. मग हळूच प्रश्न आला, "दारूचो परवानो? थंय पण लागता?" पुढची दहा मिनिटं ही बाटलीतली दारू नव्हे, बंदुकीतली, हे पटवण्यात गेली. पटल्यावर मात्र ती उलट जास्त काळजीत पडली.

तिला फोनवर नीट सांगता आलं नाही ते इथे सांगतो. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि गेली काही वर्षं इथल्या एका क्लबात ठासणीच्या बंदुकांनी नेमबाजी करतो. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वरून शिशाची गोळी गजाने ठासायची, केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी धातूची छोटी टोपी) बसवायची आणि बार काढायचा. कोकणातल्या जुन्या घरांतून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून ज्या बंदुका आहेत, त्यांचीच ही भावंडं. फरक इतकाच, की इथे समोर डुक्कर नसतो, कागद असतो. आपल्याकडची बरीच मंडळी इकडे येतात, आवड असते, आणि परवान्याचं नाव काढलं की घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात फारसं नाही. पण कायदा कुठल्या वस्तूकडे कसा बघतो ते आधी कळलं नाही तर सगळा गोंधळ होतो. मी सांगतोय ते इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरतं. उत्तर आयर्लंडचा कायदा निराळा आहे.

पहिली गंमत भिंतीवरच्या बंदुकीची. समजा, तुम्ही जुन्या बाजारातून 1850 च्या सुमाराची खरीखुरी ठासणीची बंदूक विकत घेतली आणि दिवाणखान्यात टांगली. त्यासाठी ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये तशी सूट आहे: वस्तू पुरातन असेल आणि केवळ शोभेची किंवा कुतूहलाची म्हणून ठेवली असेल, तर ती बाळगायला हरकत नाही. पुरातन म्हणजे काय यावर बरीच वर्षं वाद व्हायचे. 2021 मध्ये नियम करून ते पक्कं केलं, आणि त्यात 1 सप्टेंबर 1939 पूर्वी बनलेली असण्याची अट आली. आता तीच बंदूक भिंतीवरून काढून तुम्ही तिच्यात दारू भरायचं मनात आणलंत, की ती शोभेची राहिली नाही. लोखंड तेच, लाकूड तेच, पण हेतू बदलला आणि परवाना लागला. आजच्या कारखान्यात बनलेली हुबेहूब नक्कल असेल तर तिला ही सूट मुळातच नाही, टांगायची असली तरी.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. भारतीय शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट मिळते ती ते दुरुस्त करूनसुद्धा चालणार नसेल तर. तिथे हत्याराची अवस्था बघतात, इथे माणसाचं मन. मला दोन्ही पद्धती थोड्या विचित्रच वाटतात, पण नियम म्हणून समजायला इंग्रजांचा अवघड आहे.

वापरायची म्हटल्यावर पुढचा प्रश्न: नळीच्या आत चाकोऱ्या आहेत का? इथे सर्टिफिकेटं दोन प्रकारची आहेत. आतून गुळगुळीत, किमान 24 इंच लांबीची नळी असलेली एकबारी किंवा दुबारी ठासणीची बंदूक कायद्याच्या लेखी शॉटगन. त्यामुळे वॉटर्लूला ब्रिटिश पायदळाच्या हातात होती ती ब्राउन बेस मस्केटसुद्धा साध्या शॉटगन सर्टिफिकेटवर ठेवता येते. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या चाकोऱ्या असल्या, की ती रायफल झाली आणि मग फायरआर्म सर्टिफिकेट हवं. ठासणीची पिस्तुलं आणि रिव्हॉल्वरंही याच दुसऱ्या प्रकारात येतात.

रिव्हॉल्वर? ब्रिटनमध्ये? हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो. मार्च 1996 मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका माणसाने सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर 1997 मध्ये दोन कायदे करून पिस्तुलं-रिव्हॉल्वरं जवळजवळ सरसकट बंद झाली. ठासणीच्या पिस्तुलांना मात्र वगळलं, कारण रिव्हॉल्वरची सहा घरं एकेक करून दारू, गोळी, केप अशी भरायला कित्येक मिनिटं लागतात. पिस्तुलाच्या नेमबाजीत आयुष्य गेलेले अनेक जण तेव्हा काळ्या दारूकडे वळले. आमच्या क्लबातल्या जुन्या खोडांपैकी निम्मे तरी असेच आलेले.

दोन सर्टिफिकेटांत खरा फरक कारणाचा आहे. शॉटगनचं सर्टिफिकेट एकदा हातात आलं की एकामागून एक बंदुका घेता येतात, फक्त प्रत्येक खरेदी पोलिसांना कळवायची. फायरआर्म सर्टिफिकेटवर प्रत्येक हत्यारासाठी वेगळं, पटणारं कारण दाखवावं लागतं आणि सर्टिफिकेटवर त्याची आगाऊ नोंद करून घ्यावी लागते. ".577 बोअरची ठासणीची रायफल, एक" अशी ओळ (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी) आधी छापून येते, मग तुम्ही दुकानात जाता. "आवड आहे" हे कारण नाही. "मी अमुक क्लबाचा सभासद आहे आणि तिथे या प्रकारच्या स्पर्धा होतात" हे कारण आहे.

म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला असा: अर्जाच्या मागे लागू नका, क्लब शोधा. बहुतेक जण इथेच चुकतात. मीही चुकलो होतो. इंटरनेटवरून अर्ज उतरवून, चार रात्री बसून भरला आणि कारणाच्या रकान्यात आजोबांच्या बंदुकीबद्दल एक हृदयस्पर्शी परिच्छेद लिहिला. क्लबाच्या सेक्रेटरीने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "छान लिहितोस. आता तीन महिने ये." अर्ज तसाच घरी परत.

हे तीन महिने म्हणजे उमेदवारीचा काळ. होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, मान्यता दिलेल्या क्लबात नव्या सभासदाला किमान तेवढा काळ नियमित येऊन, देखरेखीखाली शिकावं लागतं. पण तोवर तुम्ही रिकाम्या हाताने बसत नाही. मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदाला क्लबाची बंदूक स्वतःचं सर्टिफिकेट नसतानाही रेंजवर वापरता येते. म्हणजे एक पौंडाचं हत्यार न घेता, पोलिसांना एक कागद न देता, तुम्ही शनिवारी सकाळी जाऊन खरी रायफल चालवू शकता. पूर्वी तुरुंगवास झालेल्यांची गोष्ट वेगळी: तीन महिने ते तीन वर्षांच्या आत शिक्षा झाली असेल तर सुटल्यापासून पाच वर्षं, आणि तीन वर्षं किंवा त्याहून जास्त झाली असेल तर जन्मभर हत्याराला हात लावायचा नाही, क्लबाच्यासुद्धा.

क्लब कुठे शोधायचा? ठासणीवाल्यांची इथली मोठी संघटना म्हणजे मझल लोडर्स असोसिएशन ऑफ ग्रेट ब्रिटन. तिची स्वतःची रेंज वॉरिकजवळ वेजनॉकला आहे आणि देशभरात शाखा आहेत. लंडनच्या आसपासच्यांना सरेमधली बिझ्लीची रेंज जवळ पडते. तिथल्या जुन्या लाकडी क्लबघरांपैकी काहींच्या व्हरांड्यात उभं राहिलं की माथेरानला आल्यासारखं वाटतं.

उमेदवारी संपली की अर्ज. तो पोलिसांकडे जातो. फेब्रुवारी 2025 पासून फी वाढली आहे: नव्या फायरआर्म सर्टिफिकेटला 198 पौंड, शॉटगनला 194. मुदत पाच वर्षं. तुमच्या डॉक्टरकडून तब्येतीची माहिती जाते, विशेषतः मानसिक आजार, व्यसन वगैरे. नैराश्यावर कधी गोळ्या घेतल्या असतील तर लपवू नका. औषध घेतल्यामुळे नव्हे, लपवल्यामुळे अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. मग एक दिवस पोलिसांकडून माणूस घरी येतो.

माझ्याकडे आलेले गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, अतिशय सौम्य. चहा घेतला, पोलादी कपाट भिंतीला नीट बोल्टने आवळलंय का ते दोन्ही हातांनी हलवून बघितलं. मग विचारलं, "किल्ली कुठे असते?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवघराच्या खणात." गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. ज्याच्या नावावर सर्टिफिकेट आहे त्याच्याखेरीज घरात कोणालाही किल्लीची जागा माहीत असता कामा नये, बायकोलाही नाही. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या मराठी घरात एखादी वस्तू बायकोला न सापडेल अशी ठेवणं ही किती अवघड अट आहे, हे त्यांना कसं सांगणार? शेवटी आकड्यांच्या कुलुपाची छोटी तिजोरी आणली आणि त्यांना पुन्हा बोलावलं.

इथपर्यंत झाला तो फक्त बंदुकीचा परवाना.

दारूचा वेगळा. हा खेळ नवीन असणाऱ्या कोणालाही हे आधी लक्षात येत नाही. शिशाच्या गोळीला परवाना लागत नाही, घरी ओतून बनवा. केपेलाही लागत नाही. पण काळी दारू कायद्याने स्फोटक आहे, आणि ती विकत घ्यायला व घरी ठेवायला 2014 च्या एक्स्प्लोझिव्ह्ज रेग्युलेशन्सखाली एक्स्प्लोझिव्ह्ज सर्टिफिकेट काढावं लागतं. तेही पोलिसच देतात, म्हणून शहाणा माणूस दोन्ही अर्ज एकदमच करतो. मी केले नाहीत. त्यामुळे बंदूक घरात आणि दारू नाही, अशा अवस्थेत माझे काही महिने गेले. रोज संध्याकाळी कपाट उघडून तेल लावायचं आणि बंद करायचं.

दारू पोस्टाने येत नाही. दुकानात स्वतः जायचं, सर्टिफिकेट दाखवायचं, घेऊन यायचं. घरी ती लाकडी पेटीत ठेवायची. आत खण पाडलेले, प्रत्येक खणात एकच डबा, 550 ग्रॅमपेक्षा मोठा नाही. लाकडीच का? पोलादी तिजोरी जास्त सुरक्षित नाही का? नाही, आणि याचं उत्तर कळलं की काळी दारूच कळते.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. सोरा हा पेटायला लागणारा प्राणवायू स्वतःबरोबर घेऊन येतो, म्हणून नळीत बंदिस्त असतानाही ती जळते. उघड्यावर चिमूटभर पेटवली तर नुसता 'भुस्स' आवाज, ढग आणि वास. तीच घट्ट कोंडली तर धूर बाहेर जायला वाट मिळत नाही, दाब चढत जातो आणि ज्यात कोंडली ते भांडं फुटतं. पोलादी तिजोरीत आग लागली तर तिजोरीचाच बॉम्ब होईल. लाकूड उष्णता आत जायला वेळ लावतं, आणि शेवटी पेटलंच तर सांध्यातून सुटून दाबाला वाट देतं. दिवाळीत सुतळी बॉम्ब आणि भुईनळा यांच्यात जो फरक, तोच इथे.

पेटण्याचा वेग दाण्याच्या आकारावर. दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते, म्हणून बारीक दाणे भराभर पेटतात आणि जाड दाणे सावकाश. डब्यावर 'एफ' ही खूण असते. जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. पिस्तुलाला सहसा तीन एफ, मोठ्या बोअरच्या मस्केटला दोन. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून कपाटावर चिकटवा: ठासणीच्या बंदुकीत आधुनिक, बिनधुराची दारू कधीही, चमचाभरसुद्धा घालायची नाही. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएयने ती बनवली आणि सगळी युद्धशास्त्रं बदलली. तेवढ्याच मापात ती इतका दाब देते की जुनी नळी उभी चिरते.

परवान्याचं हे दुसरं जंजाळ नको असेल तर पायरोडेक्ससारखे पर्याय मिळतात. त्यांना एक्स्प्लोझिव्ह्ज सर्टिफिकेट लागत नाही. केपेच्या बंदुकीत चालतात, पण पेटायला जड असल्यामुळे चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीत रडतात. सुरुवातीला ठीक. वास मात्र तो नाही.

बंदूक कोणती घ्यावी? नव्या माणसाने जुनी अस्सल वस्तू घेऊ नये, असं माझं मत. 1957 मध्ये सुरू झालेली इटलीतली पेडरसोली उत्तम नकला बनवते, उबेर्ती रिव्हॉल्वरांसाठी प्रसिद्ध आहे, आणि मोडलं तर सुटे भाग मिळतात. जुनी घेतलीच तर नळीवर प्रूफचे शिक्के बघा. लंडन आणि बर्मिंगहॅम इथे प्रूफ हाउसं आहेत. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं घर 1813 चं. नळीत नेहमीपेक्षा जादा दारू भरून बार काढायचा, टिकली तर शिक्का मारायचा, अशी ही पद्धत अजून चालू आहे.

माझ्याकडे 1853 च्या एनफिल्डची नक्कल आहे. हो, तीच. 1857 च्या वणव्याला जिच्या काडतुसांवरची चरबी निमित्त झाली ती. कागदाच्या पुडीत दारू आणि गोळी एकत्र बांधलेली, वर वंगण, आणि पुडी दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, असा कवायतीचा हुकूम होता. चरबी गायीची की डुकराची, ही शंका बराकपूरपासून मीरतपर्यंत पोचली. शाळेत हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. वंगण लागतंच कशाला, हा प्रश्न कधी पडला नाही. पहिल्याच दिवशी पडला: पाच बारांनंतर नळीत इतकी राख साचली की सहावी गोळी अर्ध्यात अडकली. काळी दारू जळाली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा घन पदार्थच उरतो. वंगण ती राख मऊ ठेवतं. मी मधमाश्यांचं मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून वापरतो. क्लबातला एक जण गोमांसाच्या चरबीची शपथ घेतो. मी त्याला एकदा इतिहास सांगितला, तेव्हापासून तो मला डबा पुढे करताना डोळा मारतो.

आता एक बार जवळून बघू. बंदूक उभी, नळीचं तोंड आपल्या चेहऱ्यापासून दूर. दारू मोठ्या भांड्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. आधीच्या बाराची ठिणगी आत जिवंत असेल तर हातातलं अख्खं भांडं पेटेल. म्हणून पितळी मापात घ्यायची, मापातून नळीत. माझं माप साठ ग्रेनचं आहे, म्हणजे चार ग्रॅमच्या आत. मग गोळी तोंडावर बसवायची आणि गजाने एका दमात तळापर्यंत. इथे सगळं लक्ष हवं. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी तिथेच फुगते किंवा फुटते. मी गजावर एक रेघ कोरली आहे: बरोबर भरली की ती रेघ नळीच्या तोंडाशी येते. रेघ वर राहिली तर गोळी अडकली किंवा दारू दोनदा पडली, आणि दोन्ही वाईट. शेजारचा गप्पा मारायला लागला आणि "मी दारू घातली का?" असा संशय आला की हीच रेघ वाचवते.

मग नळी लक्ष्याकडे, आणि सगळ्यात शेवटी केप. घोडा मागे, श्वास अर्धा सोडलेला, चाप. धूर इतका, की गोळी कुठे लागली ते वारा सांगेल तेव्हा कळतं. बार झाला नाही, नुसतं 'टक' वाजलं, तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान मिनिटभर थांबायचं. दारू कधी कधी उशिरा पेटते. माझे आजोबा म्हणायचे, "बंदूक रिकामी आसली तरी भरलेलीच समजूची." आमच्या रेंज ऑफिसरचं पहिलं वाक्यही शब्दशः हेच होतं, फक्त यॉर्कशरच्या हेलात.

स्पर्धेत तेरा गोळ्या, वेळ तीस मिनिटं, उत्तम दहा मोजतात. आंतरराष्ट्रीय संघटना एमएलएआयसी हे नियम करते. प्रकारांची नावंच मोठी गोड आहेत: मिनिए, व्हिटवर्थ, तानेगाशिमा. शेवटचं नाव जपानमधल्या बेटाचं, जिथे 1543 मध्ये पोर्तुगीजांबरोबर तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, बंदूक उतरली. तीच पोर्तुगीज मंडळी तेव्हा गोव्यात होती, आणि तोडेदार बंदूक आपल्या किनाऱ्यावरही बंदुकच्यांच्या हातात कधीच रुळली होती. तानेगाशिमा प्रकारात आजही पेटता तोडा लावून बार काढतात. मला एकदा करून बघायचा आहे.

महाराष्ट्रात राहून हे करायचं असेल तर चित्र वेगळं. 1959 च्या शस्त्र कायद्यात प्रामाणिक शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि कोकणातले परवाने त्यावरच चालतात. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. 2016 च्या नियमांनी प्रशिक्षणाची अटही आणली. पण तो परवाना पीक राखण्यासाठी आहे, खेळासाठी नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे राखणीच्या नावाखाली शिकार करता येत नाही. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आजोबांची बंदूक अशीच कितीदा तरी ठाण्यात जाऊन आली. त्यांच्यामागे परवाना कोणी नावावर करून घेतला नाही, आणि एकदा जमा झालेली ती परत आलीच नाही.

घरी आल्यावरचं काम कोणी आधी सांगत नाही, ते सांगतो. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि इथल्या दमट हवेत एका रात्रीत नळी गंजवते. त्यामुळे रेंजवरून आलं की जेवणाआधी धुणं. नळीत किटलीतलं कडकडीत पाणी ओतायचं, गजाला चिंधी बांधून घासायचं. पहिलं पाणी शाईसारखं काळं आणि सडक्या अंड्यांच्या वासाचं निघतं. दुसरं करडं. तिसरं स्वच्छ, आणि नळी इतकी तापलेली असते की आपोआप वाळते. मग तेल. आमच्याकडे हा कार्यक्रम मागच्या अंगणात होतो, हिवाळ्यातसुद्धा. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मी तो एकदाच केला होता, आणि तेव्हापासून जुनी चहाची किटली बंदुकीच्या नावावर झाली आहे.